सव्वा मूठ

अक्का, तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली. हे मी तुमच्याच फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय, कारण खोलीत दुसरा कागद नाही आणि हा एवढी वर्षं जपून काही उपयोग झालेला नाही. मी आता जालंधरला आहे. केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर काम करतो. आपल्याकडचा हिरवा माल ट्रकने इथं येतो, क्रेटमध्ये लावून खोली बंद करायची, चार-पाच दिवसांनी उघडायची, तोवर पिवळा झालेला असतो. माल सावद्याकडचा आहे की आणखी कुठला, हे मला फणी हातात घेतली की कळतं. मुकादम म्हणतो, तुझी शाळा कितवी. मी म्हणतो सातवी पास, आठवीत सुटली. तो म्हणतो, मग हे कुठं शिकलास. त्याला काय सांगणार.

चार दिवसांपूर्वी मायचा फोन आला आणि तिनं एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न तुमचा होता. म्हणून लिहायला बसलो. पण तुम्हीच सांगायच्या की मधूनच सुरू करू नको, सुरुवातीपासून सांग. तर सुरुवातीपासून.

भाऊ बावीस वर्षांचा होता आणि मी सतराचा. घरात हुशार तो. बारावीला चांगल्या मार्कांनी पास, मग कॉलेज अर्धं टाकून घरी आला आणि विहिरीजवळ बसायला लागला. मोटार चालू झाली की तिच्या घरघरीतून लोक बोलतात, म्हणायचा. त्याचीच निंदा करतात, त्याचंच नाव घेतात. आमच्या वडिलांनी, आबांनी, दोन वर्षं भगताकडे नेलं. भगत म्हणाला विहिरीत कोणीतरी आहे. आमच्या विहिरीत कधी कोणी पडलेलं नाही, पण सांगितल्यावर गावातल्या दोघातिघांना आठवायला लागलं की हो, पडलं होतं. एकदा भाऊनं मोटारीची वायर कापली, तेव्हा आबांनी त्याला गोठ्यात बांधून ठेवला. हे तुमच्या फॉर्मवर आहे, कारण तुम्ही विचारलं होतं की कधी बांधलं का, आणि मी हो म्हणालो होतो. तेवढं खरं सांगितलं होतं.

जळगावला महिन्यातल्या एका गुरुवारी धुळ्याहून एक डॉक्टरबाई येते, गोळ्या देते आणि घरच्यांशी बोलते, असं मायला गावातल्या आशाताईनं सांगितलं. आबा म्हणाले, तुम्हाला जायचं तर जा. मोटारसायकलवर मी पुढं, मधे भाऊ, मागं माय, आणि मायनं आपल्या पदराचं टोक भाऊच्या पोटावरून माझ्या कमरेला बांधलेलं. आमच्या असोद्यापासून जळगावपर्यंत लोक बघत होते. मला भाऊची लाज वाटत नव्हती, त्या पदराची वाटत होती.

तुमच्या टेबलावर फॉर्म होता. वरच्या ओळीत रुग्णाचं नाव, खाली 'माहिती देणारा', तिथं तुम्ही माझं नाव लिहिलं आणि नातं भाऊ. मला बरं वाटलं. तोवर कुठल्याच कागदावर माझं नाव पास-नापास सोडून आलेलं नव्हतं. मी सांगायला लागलो की हा येडा झाला दोन वर्षांपासून. तुम्ही पेन खाली ठेवलं. रागावून नाही, नुसतं ठेवलं. म्हणालात, "तो तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय. तो बाहेर गेल्यासारखं का बोलतोस?" मग मायकडे वळून, तिनं काही लपवू नये म्हणून, तुम्ही आपल्या बोलीत म्हणालात, बठ्ठं सांग, दपाडू नको. माय तुमच्याकडे बघतच राहिली. डॉक्टर अशी बोलते हे तिनं पहिल्यांदा ऐकलं. त्याच दिवशी तिनं तुम्हाला अक्का केलं आणि मॅडम हा शब्द आमच्या घरात पुन्हा आला नाही.

मग तुम्ही भाऊला विचारलं, मोटार बोलते, तर लाईट गेल्यावर काय होतं? आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग होतं, आठवड्याला वेळ बदलायची. भगतानं, आबांनी, मी, कोणी हे विचारलेलं नव्हतं. भाऊनं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, तेव्हाही बोलतात, पण बारीक. तुम्ही ते त्याच्या शब्दांत लिहून घेतलं, 'लाईट गेल्यावर बारीक', आणि पुढच्या गुरुवारी कोणत्या वेळी काय ऐकू आलं ते लिहून आणायला त्याला सांगितलं. मला नाही, त्याला. तो वहीत लिहायला लागला. मला तेव्हा वाटलं की ही बाई येड्याचं ऐकत बसते. आता वाटतं, दोन वर्षांत त्याच्यावर कोणी पहिल्यांदा काहीतरी काम सोपवलं होतं.

त्या आजाराचं इंग्रजी नाव तुम्ही माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. स्किझोफ्रेनिया. मी म्हणालो, मला कशाला, मी आठवी नापास. तुम्ही एक कोरा फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणालात, हा घरी वाच, अडेल तिथं खूण कर. तोच हा. 'भावनिक' वर खूण आहे, 'आनुवंशिक' वर आहे, 'पुनर्वसन' वर दोन आहेत. एकेका गुरुवारी एकेक शब्द सुटत गेला. शाळेनं जे आठ वर्षांत केलं नाही ते तुमच्या सहा पानांनी केलं, म्हणजे मी वाचायला लागलो, पण फक्त अशाच गोष्टी.

तुमच्या कामाबद्दल मला थोडंच कळलं. बाहेर शिकून तुम्ही धुळ्याला परत आलात, दवाखाना टाकलात आणि धुळे-जळगावची किती तरी घरं वर्षानुवर्षं धरून ठेवलीत. दरवर्षी तेच प्रश्न, तीच माणसं. कोण कामाला लागला, कोणाच्या गोळ्या सुटल्या, कोण घरातून निघून गेला. साहेब लोकांशी भांडायचात की गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यात मिळाल्या पाहिजेत, माणसाला गोळ्यांच्या एका पाकिटासाठी जिल्ह्याला पळवू नका. भगताशी मात्र कधी भांडला नाहीत. आमच्या भगताला तुम्ही स्वतः भेटलात आणि म्हणालात, तू तुझा अंगारा दे, पण गुरुवारी माझ्याकडे पाठव. तो पाठवायला लागला. त्याचा पुतण्याच तुमच्याकडे आला नंतर.

मग ती श्रावणातली सकाळ. तुम्ही घरं बघायला निघाला होतात आणि न सांगता आमच्याकडे आलात. कानबाई देवी घरात बसवतात तो रविवार जवळ आला होता. माय स्वयंपाकघरात नैवेद्याच्या रोटांचे गहू काढत बसलेली. तुम्ही खुर्ची नको म्हणून तिच्यासमोर फरशीवर बसलात, पाय पसरून, कारण तुमचे गुडघे दुखायचे. आमच्याकडे घरात जेवढे पुरुष तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू धरतात, आधी सुपात वेगळे ढीग लावायचे, मग एकत्र करून दळायचे. ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. तुम्ही सूप पाहिलं. कानबाईचा एक ढीग आणि खाली दोन. तुम्ही मायला विचारलं, घरात पुरुष किती? माय खडे वेचत राहिली. दारात आबा उभे होते. ते म्हणाले, "येडानी मूठ कोन धरस?"

भाऊ तेव्हा ओट्यावर होता. त्यानं ऐकलं. तुम्ही सूप जवळ ओढलंत. सुपातले खडे वेचू लागलात, मायबरोबर. मग म्हणालात की माझ्या माहेरी पाच मुठी धरायचे, तिघा भावांच्या, बापाची, काकाची. माझी कधी धरली नाही, मुलींची धरत नाहीत. मी डॉक्टर होऊन घरी गेले तरी पाचच. त्यामुळे मला माहीत आहे, आपला ढीग सुपात नसला की कसं वाटतं. आबा म्हणाले, रीत शे ती. तुम्ही म्हणालात, हो, रीतच आहे. आणि चहा प्यायलात.

पण त्यानंतर तुमच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न आला, आधी पेनानं लिहिलेला, पुढच्या वर्षी छापलेला. 'रोटाच्या गव्हात याची मूठ धरतात का?' माझ्या कोऱ्या फॉर्मवरही तो तुम्ही नंतर आपल्या हातानं लिहिलात, होय आणि नाही, मधे तिरपी रेघ. तुम्ही हसत सांगायच्या की ज्यात तुम्ही या घरांबद्दल लिहायचात त्या दूरच्या देशातल्या मासिकवाल्यांनी पत्र पाठवून विचारलं, हा प्रश्न आमच्या कुठल्याच फॉर्मात नाही, याचं काय करायचं. तुम्ही कळवलंत, तुमच्याकडे रोट नसतील, तुमचं काय असेल ते विचारा.

वर्ष गेलं. गोळ्यांनी भाऊला फरक पडला. अंग जड झालं, लाळ यायची, हात थरथरायचा, तरी झोपायला लागला, मळ्यात केळीच्या बुडाला फुटलेली पिलं कापायला जायला लागला. मोटार चालू असताना तिच्याजवळून जायचा आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायचा, म्हणजे बोलतायत पण बोलू दे. श्रावण आला. मायनं आबांना विचारलं. आबा दोन म्हणाले. मायनं दोन धरल्या. मी तिथंच होतो, मीही काही बोललो नाही, कारण त्या दोनात एक माझी होती.

पुढच्या गुरुवारी तुम्ही शेवटच्या प्रश्नावर आलात. भाऊ बाहेर बाकावर होता. पेन वर धरून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मूठ धरली?

मी धरली म्हणालो.

का म्हणालो ते मी इतक्या वर्षांत नीट लावू शकलेलो नाही. नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुन्हा घरी आला असतात आणि आबांनी या वेळी चहा दिला नसता, हे एक. तुम्ही त्या दिवशी थकलेल्या होतात, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे मी माहिती देणारा होतो, आणि माझ्या घरची माहिती मला चांगली दिसायला हवी होती. तुम्ही 'होय' ला गोल केलात. एवढा मोठा गोल की रेघ ओलांडून गेला.

मला वाटलं तेवढ्यावर मिटलं. पण थंडीत जळगावला तुमची सभा झाली. साहेब लोक, डॉक्टर लोक, रुग्णांच्या घरचे. आम्हा दोघांना तुम्ही बोलावलंत, मागच्या खुर्च्यांवर बसलो. तुम्ही बोलायला उभ्या राहिलात आणि म्हणालात, गोळी अर्धं काम करते. उरलेलं अर्धं कुठं होतं ते सांगते. एका घरात गेल्या श्रावणात, बांधून ठेवलेल्या मुलाची मूठ धरली. नाव घेतलं नाहीत. रोट म्हणजे काय हे बाहेरून आलेल्या साहेबांना समजावून सांगितलंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी भाऊ बसलेला. त्याला माहीत होतं की धरली नाही. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिलो. हा आता उठून सांगेल असं मला वाटत होतं, आणि सांगितलं तर लोक म्हणतील येडा बडबडतोय, हेही वाटत होतं, आणि त्याचा मला आधार वाटला हे मला तेव्हाच कळलं.

तो उठला नाही. बाहेर आल्यावर मोटारसायकल काढताना मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी अक्कांना खरं सांगून टाकतो. भाऊ मागं बसला, खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कोठे तरी धरेल शे ना."

कुठंतरी धरलेली आहे ना. असोद्यापर्यंत मी गाडी हळू चालवली.

त्यानंतर मी गावात फार राहिलो नाही. सुरत, मग वापी, मग लुधियाना, मग इथं. शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही विचारलंत, किती दिवस टिकशील? मी म्हणालो, बघू. तुम्ही म्हणालात, तुझा भाऊ तीन वर्षं एका जागी काम करतोय आणि तुझे पाय सहा महिने ठरत नाहीत, पण तुझ्या पायांना कोणी आजार म्हणत नाही. माय हसली होती. मीही हसलो. लुधियानात असताना कळलं की तुम्ही गेलात. मला सुटी मिळाली असती, मी मागितली नाही. भाऊ मात्र धुळ्याला गेला. एकटा, जळगावपर्यंत एक एसटी आणि तिथून धुळ्याची दुसरी. त्याआधी तो गावाबाहेर एकटा कधी गेला नव्हता. आबा म्हणत राहिले की हा हरवेल. तो संध्याकाळी परत आला, मायला तिकिटं दाखवली आणि ती वहीत ठेवली, जिच्यात तो लाईटच्या वेळा लिहायचा. तुमचा दवाखाना नंतर बंद झाला. गोळ्या आता तालुक्याच्या दवाखान्यात मिळतात, तुम्ही भांडलात त्या. भाऊ स्वतः आणतो.

गेल्या वर्षी आबा गेले. या चैत्रात मी दहा दिवस घरी होतो, तेव्हा सावद्याचे लोक मला बघायला आले. मुलीचा मामा बोलका होता. त्यानं वेगळ्या घरातल्या आमच्या काकांना विचारलं, भावंडं किती? काका म्हणाले, एकटाच आहे. मी तिथं बसलेलो होतो, हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी पुढं केला. भाऊला त्या दिवशी डबा देऊन मळ्यात पाठवलं होतं. डबा मी भरला होता.

आता ते लोक रविवारी कानबाईच्या दर्शनाला येणार आहेत. काकांनी मायला सांगून ठेवलं की मूठ एकच धर, पंगतीला एकच मुलगा बसव, दुसरा मळ्यात जेवेल, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. म्हणून मायनं मला फोन केला. मी क्रेट उतरवत होतो. म्हणाली, गहू काढी राह्यनू, कितल्या मुठी धरू ते सांग. आबा नाहीत, तर तू सांग. खरं तर थोरला भाऊ आहे. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणालो, माले काय इचारस, भाऊले इचार.

तिनं फोन सुपाजवळ ठेवला असावा, कारण गहू ओतल्याचा आवाज आला, आणि तिनं हाक मारली. भाऊ आला. ती म्हणाली, धाकला म्हणतो तुला विचार, किती धरू. तो लगेच म्हणाला, तीन. मायनं विचारलं, तीन कशा. तो म्हणाला, एक मनी, एक धाकलानी, एक अक्कानी, म्हणजे त्याची, माझी आणि तुमची. माय म्हणाली, अरे ती बाई होती, बाईची कोणी धरतं का, आणि ती तर आता नाही. तेव्हा भाऊ जे बोलला ते मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं.

"तिनी मनी धरी व्हती."

मायनं तीन ढीग लावले. नंतर फोन उचलून मला म्हणाली, बरं केलंस, थोरल्याला मान दिलास. तिचा आवाज ओला होता. मी हो म्हणालो आणि मुकादम बोलावतोय म्हणून फोन ठेवला. कोणी बोलावत नव्हतं.

तर अक्का, तुमच्या नावाचे सव्वा मूठ गहू या वर्षी आमच्या सुपात आहेत. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण कागद संपत आलाय तर दुसरंही सांगतो. मी भाऊला मान दिला नाही. एक म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि दोन म्हणायचीही नव्हती. आकडा माझ्या तोंडून जायला नको, एवढंच होतं. तुमच्यासमोर धरली म्हणालो ते पहिलं खोटं, आणि मायला हो म्हणालो ते दुसरं.

हे कागद घडी करून पुन्हा पेटीत ठेवीन. सावद्याच्या मामाचा नंबर माझ्याकडे आहे, रविवारच्या आत त्याला सांगायचंय की आम्ही दोघं भाऊ आहोत. चार दिवस झाले, अजून केलेला नाही. तो फोनही भाऊनंच करावा असं कालपासून माझ्या मनात येतंय.